रेकॉर्ड बदलली पाहिजे

"घरचा जुना रेडिओग्राम रिपेअर करून घेतला" असे कुणी कौतुकाने सांगितले की मी एकच प्रश्न विचारते. रेकॉर्ड आपोआप बदलते का? समोरची व्यक्ती बहुतेक वेळा गोंधळते. थाळी फिरते, आवाज येतो, लाकडाला पॉलिशसुद्धा झाले, आणखी काय हवे? मग हळूच खुलासा येतो. मिस्त्री म्हणाला की ते ऑटोमॅटिक आता कुणाला लागत नाही, पार्टही मिळत नाहीत, म्हणून ते काढून टाकले आणि 'मॅन्युअल' करून दिले. अशा कामाला रिपेअर म्हणायला माझी तयारी नाही. शिलाई मशिनची सुई वरखाली होते पण टाका पडत नाही, तर मशीन चालू झाले असे कोणतीही शिवणारी बाई म्हणणार नाही. चेंजरचा टाका म्हणजे रेकॉर्ड बदलणे.

ज्यांनी हे यंत्र पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. साध्या रेकॉर्ड प्लेअरवर एक रेकॉर्ड ठेवायची, सुई हाताने टेकवायची, संपली की हाताने उचलायची. चेंजरमध्ये मधला दांडा उंच असतो आणि त्याला वर एक पायरी असते. त्या पायरीवर सात-आठ रेकॉर्डींची चळत ठेवायची, बाजूचा एक आधाराचा हात तिच्यावर टेकवायचा, बटण फिरवायचे आणि आपल्या कामाला लागायचे. एक रेकॉर्ड संपली की सुईचा आर्म उचलला जातो, बाजूला सरकतो, दांड्यातली पट्टी चळतीतल्या सर्वांत खालच्या रेकॉर्डला पायरीवरून ढकलते, ती थाळीवर पडते आणि आर्म परत येऊन सुई पहिल्या खाचेत ठेवतो. पुष्कळ मॉडेलांत खाली पडणारी रेकॉर्ड वाटेत एका छोट्या बोटाला लागते की नाही, यावरून ती बारा इंची आहे की लहान, हेही यंत्र ओळखते. चळत संपली की आधाराचा हात खाली येतो. तीच शेवटची खूण. आर्म आपल्या जागी जातो आणि मोटर बंद पडते. या सगळ्यात एकही ट्रान्झिस्टर नाही, एकही चिप नाही. एक मोटर, काही दाते, काही पट्ट्या, दोन-चार स्प्रिंगा.

याची गरज होती म्हणूनच हे निघाले. ७८ फेऱ्यांच्या दहा इंची रेकॉर्डीवर एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावत. लांब कव्वाली असली तर अर्धी एका बाजूला, अर्धी दुसऱ्या बाजूला, आणि ऐन रंगात आली की उठून रेकॉर्ड उलटायची. अमेरिकेत व्हिक्टर कंपनीने १९२७ सालीच आपोआप रेकॉर्ड बदलणारे मोठे यंत्र बाजारात आणले होते. सर्वसामान्य घरांत मात्र चेंजर पोचला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि त्यात इंग्लंडच्या दोन कंपन्यांचा मोठा हात होता. एक बर्मिंगहॅम साउंड रिप्रोड्यूसर्स, म्हणजे बीएसआर, तिचा 'मोनार्क' प्रसिद्ध. दुसरी स्विंडनची गॅरार्ड. ही गॅरार्ड मुळात लंडनच्या राजघराण्याच्या जवाहिऱ्यांची. त्यांनी १९१५ मध्ये, पहिले महायुद्ध चालू असताना, इंजिनिअरिंगची कंपनी काढली आणि ती पुढे ग्रामोफोनच्या मोटरींकडे वळली. माझ्या हाताखालून गेलेल्या रेडिओग्रामांत पत्रा उलटून पाहिला की बहुधा या दोहोंपैकी एक नाव सापडते.

जुन्या रेकॉर्डींचे खोके घरी असेल तर एक गंमत तपासून पाहा. दोन एलपींचा परदेशी संच असेल, तर कधी कधी पहिल्या रेकॉर्डीवर बाजू १ आणि बाजू ४ असते, दुसरीवर २ आणि ३. लोकांना वाटते छपाईची चूक. ती चेंजरची सोय आहे. दोन्ही रेकॉर्डी चळतीत ठेवल्या की १ आणि २ ओळीने वाजतात, मग सगळी चळत एकदमच उलटायची, की ३ आणि ४.

आता मूळ मुद्द्याकडे येते. मिस्त्री ज्या भागाला हात लावायला घाबरतात आणि काढून टाकतात, तो भाग एकदा समजला की त्यातली भीती जाते. प्रश्न असा असतो की गाणे संपले हे यंत्राला कसे कळते? रेकॉर्डी तर लहानमोठ्या, कुणाचे गाणे काठापासून चार बोटांवर संपते, कुणाचे लेबलाजवळ. थाळीच्या मध्याखाली एक छोटे दातेरी चाक थाळीबरोबर सतत फिरत असते. त्याला खेटून एक मोठे दातेरी चाक. पण मोठ्या चाकाचे एका जागचे दाते मुद्दाम ठेवलेले नसतात. गाणे चालू असते तेव्हा ही बोडकी जागा छोट्या चाकासमोर असते, म्हणून थाळी फिरत राहते आणि मोठे चाक स्वस्थ बसून राहते. या मोठ्या चाकावर बोटाच्या पेराएवढा एक खटका असतो. आर्म जसजसा आत सरकतो तसतसा एका पट्टीमार्फत तो खटक्याला किंचित पुढे लोटतो आणि थाळीखालचा उंचवटा दर फेऱ्याला त्याला मागे सारतो. लोटणे, मागे सारणे, लोटणे, मागे सारणे, तीन मिनिटे किंवा वीस मिनिटे हेच चालते, कारण गाणे चालू असताना आर्म एका फेऱ्यात मिलिमीटरच्या लहानशा अंशानेच आत जातो. गाणे संपल्यावर खाच एकदम पसरट होते आणि लेबलाकडे धावते. आर्म एका फेऱ्यात कित्येक पट जास्त सरकतो. आता खटका इतका पुढे आलेला असतो की उंचवट्याला तो मागे सारता येत नाही. तो अडकतो, मोठ्या चाकाला हिसका बसतो, दात्यांत दाते जातात आणि पूर्ण फेरा सुरू होतो. म्हणजे सुई कुठे आहे याच्याशी यंत्राला देणेघेणे नाही. ती किती वेगाने आत चालली आहे, एवढेच ते पाहते.

मी वीस वर्षे भाषा शिकवते. एवढ्या कमी शब्दांत एवढे सांगणारे वाक्य मी फार थोड्या ठिकाणी वाचले आहे.

आता लक्षात घ्या की तो खटका किती हलका असला पाहिजे. सुईच्या टोकावर जो अगदी नाजूक जोर असतो, तेवढ्यानेच तो हलला पाहिजे. साठ वर्षांपूर्वी कारखान्यात लावलेले ग्रीस इतक्या वर्षांत मेणासारखे, काही ठिकाणी लाखेसारखे झालेले असते. खटका चिकटतो. मग एकतर रेकॉर्ड संपली तरी सुई लेबलापाशी खरखरत बसते, किंवा खटका एकदा पुढे आला की मागेच जात नाही आणि प्रत्येक रेकॉर्ड अर्ध्यात सोडून यंत्र बदलाबदली करत सुटते. दोन्ही आजार एकच, दोन्हींवर उपाय एकच, आणि त्यासाठी एकही पार्ट लागत नाही. माझे वडील सोलापुरात रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालवत. अब्बांचे ठरलेले वाक्य होते, "बिघडलंय कुठे, अडकलंय." ते खटका सोडवून स्पिरिटमध्ये धूत, खिळ पुसत आणि कोरडाच परत बसवत. तिथे तेल नाही, ग्रीस नाही, काहीही नाही. मोठ्या चाकाच्या दात्यांना नवे ग्रीस, मोटरच्या बेअरिंगला शिलाई मशिनचे दोन थेंब, आणि खटक्याला फक्त स्वच्छता. लोक नेमके उलट करतात. सगळीकडे तेल ओततात, तेही हाताशी असेल ते. मी खोबरेल तेल घातलेले चेंजर पाहिले आहेत. सोलापूरच्या मेमध्ये ते वाहते आणि डिसेंबरच्या सकाळी गोठते, मग घरचे म्हणतात, "थंडीत मशीन रुसतं."

गेल्या वर्षी आमच्या भागातल्या एका निवृत्त सरांच्या घरी गेले होते. ऐंशीच्या पुढचे वय, हातांना कंप. त्यांच्या रेडिओग्रामचा चेंजर बंद पडला होता आणि एका दुकानदाराने चार हजारांत मॅन्युअल करून देण्याचे कबूल केले होते. सर खजील झाल्यासारखे म्हणाले, "बेटा, सुई ठेवायला हात ऐकत नाही आता. ठेवायला जातो अन् रेकॉर्डवर ओरखडा पडतो." म्हणजे पाहा, ज्या भागाला दुकानदार फालतू म्हणत होता, तोच भाग या माणसाला हवा होता. बाकीचे सगळे मोबाइलवर मिळतेच. दोन रविवार लागले. पहिला रविवार निव्वळ धुण्यात गेला. दुसऱ्या रविवारी खटका, मोटरची बेअरिंगे, रबराचे चाक आणि स्विचला जोडलेला एक जुना कॅपॅसिटर. एकूण सामान दोनशे रुपयांच्या आत. सरांनी स्वतः सहा रेकॉर्डी दांड्यावर ओवल्या. ओवणे जमते, कारण त्याला नेम लागत नाही. दुसरी रेकॉर्ड 'थप्प' करून पडली तेव्हा ते काही बोलले नाहीत, आतल्या खोलीत आवाज दिला, "चहा दोन ठेवा, आता अर्धा तास उठायचं नाही."

म्हणून मी 'ऑटोमॅटिक कुणाला लागतं' हे वाक्य ऐकून घेत नाही.

जाणकार शौकिनांचा आक्षेप वेगळा आहे आणि तो निम्मा खरा आहे. ते म्हणतात, चेंजर रेकॉर्डी खातो. एकीवर एक पडतात, घासतात, चळत वाढली की सुईचा कोन बदलतो आणि सुईचा भारही जास्त. या यंत्रांतल्या सिरॅमिक कार्ट्रिजला साधारण पाच ते सात ग्रॅम भार लागतो, आजच्या चांगल्या मॅग्नेटिक कार्ट्रिजला दोनच्या आसपास पुरतो. हे सगळे मान्य. दुर्मीळ, कोरी एलपी मी स्वतः चेंजरवर ठेवणार नाही. पण रद्दीच्या दुकानातून किलोच्या भावाने वाचवलेल्या, आधीच शंभर लग्नांत वाजलेल्या रेकॉर्डींसाठी हा सोवळेपणा कशाला? शिवाय रेकॉर्डीच्या लेबलाचा भाग बऱ्याचदा मुद्दाम जाड आणि कडा उंच ठेवलेली असते, ती याच घासाघाशीसाठी. रेकॉर्डीला खरे मारणारी गोष्ट म्हणजे झिजलेली सुई, आणि ती मॅन्युअल प्लेअरवरही तेवढीच मारते. आणखी एक. ७८ च्या खाचेसाठी जाड टोक लागते आणि एलपीसाठी बारीक. जुन्या कार्ट्रिजला उलटवायचा छोटा खटका असतो तो त्यासाठी. तो न उलटवता वाजवायचे आणि दोष चेंजरला द्यायचा, हे मी कितीदा पाहिले आहे.

कार्ट्रिजवरून आठवले. जुन्या काळच्या क्रिस्टल कार्ट्रिजमध्ये रोशेल सॉल्ट नावाच्या क्षाराचा स्फटिक असतो. तो दाबला की वीज निर्माण होते, हे छानच, पण तो हवेतले पाणी शोषतो आणि पन्नास-पंचावन्न अंशांच्या पुढे तापला की कायमचा मरतो. कोकणातून आलेल्या यंत्रात तो ओलीने गेलेला असतो, आमच्याकडच्या पत्र्याखालच्या माळ्यावर तो उन्हाने जातो. त्याला दुरुस्ती नाही, त्याच्या जागी सिरॅमिक बसवायचे. इथे मी बदलाच्या बाजूची आहे. जे मेलेच आहे ते बदलावे, जे नुसते झोपले आहे ते उठवावे. मोटरची सालपट सुटलेली रबरी वायर, स्विचजवळचा कागदी कॅपॅसिटर, हेही न विचारता बदलावे, कारण शेवटी हा पत्रा २३० व्होल्टच्या शेजारी आहे आणि व्हॉल्व्हच्या सेटमध्ये प्लग काढल्यावरही कॅपॅसिटरमध्ये झटका शिल्लक असतो.

रबराच्या चाकाचे प्रकरण खास आपल्याकडचे वाटते मला. मोटरच्या दांड्याला चार पायऱ्या असतात, १६, ३३, ४५ आणि ७८ अशा चार वेगांच्या. रबराची धाव असलेले एक छोटे चाक त्या पायरीला आणि थाळीच्या आतल्या काठाला एकाच वेळी खेटते आणि थाळी फिरवते. बटणाने यंत्र बंद केले की चाक मागे सरते. पण लोडशेडिंगमध्ये रेकॉर्ड चालू असताना लाइट जायची. लोक कंटाळून प्लग काढून झोपून जायचे, आणि चाक रात्रभर, कधी वर्षानुवर्षे, त्या पोलादी दांड्यावर दाबलेले राहायचे. त्याला खळगा पडतो. मग प्रत्येक फेऱ्याला धप्प-धप्प असा आवाज, आणि निदान काय होते? "स्पीकर गेला." खळगा फार खोल नसेल तर चाक फिरते ठेवून बारीक पॉलिश पेपरने एकसारखे घासायचे, खोल असेल तर नवे रबर चढवून घ्यायचे. आणि लाइट गेली तर आधी बटण बंद करायचे.

अमेरिकेतून नातेवाइकांनी पाठवलेला चेंजर असेल तर ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावून भागत नाही. तिथली वीज ६० हर्ट्झची, आपली ५० ची, आणि या मोटरींचा वेग हर्ट्झवर ठरतो. तेहतीसची थाळी अठ्ठावीसच्या जवळपास फिरते आणि गाणारी बाई पुरुषासारखी ऐकू येते. दांड्यावरची पुली वीस टक्के जाड करून घेणे हा साधा उपाय. चांगला लेथवाला ते करून देतो.

हे सगळे मी का लिहीत बसले आहे? कारण हे मराठीत कुठे लिहिलेले मला सापडले नाही, उर्दूतही नाही. अब्बांना इंग्रजी वाचता येत नसे. मी शाळेत असताना त्यांच्याकडे एक फाटके सर्व्हिस मॅन्युअल होते. मी ते मोठ्याने वाचायची, डिक्शनरीतून अर्थ सांगायची, आणि ते आकृतीवर बोट ठेवून म्हणायचे, "चूक सांगतेस, हे असं नाही हलणार." आकृती त्यांना भाषेपेक्षा जास्त कळत असे. पण त्यांनी स्वतः ओळभरही लिहून ठेवले नाही. लिहिणे हे शिकलेल्यांचे काम आणि हाताचे काम न शिकलेल्यांचे, हे त्यांनीही मनोमन मान्य केलेले होते. मुंबईत चोर बाजारच्या मटन स्ट्रीटवर आजही ग्रामोफोन आणि रेकॉर्डींची दुकाने आहेत. तिथे आणि अशाच गल्ल्यांतून हे हुनर असलेली म्हातारी माणसे बसलेली असतात. त्यांची मुले दुबईला किंवा मोबाइल रिपेअरिंगला गेली, त्यात त्यांचे काही चुकले नाही. पण त्या माणसांजवळ वही घेऊन बसायला आपण शिक्षक मंडळीही गेलो नाही.

आणि हे आपण करायला हवे होते. १९३७ साली वर्ध्याला शिक्षण परिषद झाली, तिच्यानंतर डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने हस्तव्यवसायातून शिक्षणाचा आराखडा तयार केला, हे आम्ही बी.एड.ला परीक्षेसाठी पाठ केले. आणि शाळेत कार्यानुभवाच्या तासाला काय होते? कागदी फुले, आणि तीही बऱ्याचदा घरून आईने केलेली. एकदा मी उघडा चेंजर आठवीच्या वर्गात नेला, मोटर न जोडता, थाळी हाताने फिरवत. मराठीच्या पेपरात जेमतेम पास होणारा एक मुलगा मोठ्या चाकाकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "टीचर, दात नाहीत तिथंच ते थांबतंय." सगळ्या वर्गात ते त्याला आधी दिसले. त्याला त्या तासाचे गुण द्यायला आमच्या प्रगतिपुस्तकात रकाना नव्हता.

तर ज्यांच्या घरी असा रेडिओग्राम आहे त्यांना माझी विनंती आहे. आतला चेंजर काढून ब्लूटूथ बसवून देणाऱ्याला, किंवा वरचे कपाट चपलांसाठी मागणाऱ्याला, आधी थांबवा. थाळीखालच्या पत्र्याचे दोन मोठे स्क्रू सैल आहेत का पाहा, कारण पुष्कळ यंत्रे वाहतुकीसाठी आवळलेल्या स्क्रूंसकट जन्मभर वापरली गेली आणि त्यांच्या खालच्या स्प्रिंगांनी कधी काम केलेच नाही. उघडायच्या आधी मोबाइलने चारी बाजूंनी फोटो काढा. कोणतीही पट्टी वाकवू नका. ती बहुधा सरळच आहे, अडकली आहे. ओळखीतला म्हातारा मिस्त्री असेल तर त्याला घरी बोलवा, शेजारी बसून रेकॉर्डिंग करा, आणि तो ज्या भागाला जे नाव देतो तेच लिहून घ्या, मग ते इंग्रजीचे मोडके रूप का असेना. मेलेला दुसरा चेंजर भंगारात दिसला तर घेऊन ठेवा, त्याच्या स्प्रिंगा उपयोगी पडतात.

मोटरखालचे तीन रबरी बुश ही मात्र माझी अजून न सुटलेली अडचण आहे. जुने दगडासारखे होतात आणि मोटरची घरघर थेट सुईपर्यंत पोचवतात. बाजारात मिळणारे बुश एकतर फार कडक नाहीतर फार मऊ. सध्या मी सायकलच्या ट्यूबचे गोल तुकडे दुहेरी करून वापरते आहे. घरघर कमी झाली आहे, पूर्ण गेलेली नाही.